काम मिळत नाही, माणसं मिळत नाहीत : दोन्ही खरं कसं?

प्रश्न : दारव्ह्याला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मला धरून सहा माणसं. ग्रिल, शटर, ट्रॉली, शेतीची अवजारं असं काम चालतं. माझा पुतण्या आयटीआयमधून फिटर झाला. वर्षभर त्याने इकडेच काम शोधलं आणि शेवटी चाकणला गेला. मी मात्र कधीपासून एक चांगला वेल्डर शोधतो आहे आणि तो सापडत नाही. पोट्टे म्हणतात काम नाही, आम्ही म्हणतो माणूस नाही. आणि दोघंही खोटं बोलत नाही. हे होतं कसं? अमरावतीला मोठं टेक्स्टाईल पार्क होणार, उद्योग आणि आयटीआय यांचे करार होणार असं वाचतो. शेजारच्या जिल्ह्यांनी मिळून कामगार घडवणं खरोखर जमतं का, की ती भाषणापुरतीच गोष्ट आहे? आणि शिकवलेला माणूस मोठ्या कंपनीत जाणारच असेल, तर माझ्यासारख्याने शिकवायचं कशासाठी?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : प्रश्नाच्या दोन्ही बाजू तुमच्या एकाच घरात आहेत, म्हणून हे पत्र मोलाचं वाटलं. आधी थोडक्यात सांगतो. हो, असे उपाय जमतात आणि जिथे मन लावून केले तिथे ते टिकलेही आहेत. पण त्यासाठी एक गोष्ट मान्य करावी लागते. कुशल कामगार अर्धा आयटीआयमध्ये घडतो आणि अर्धा कारखान्यात, चालत्या यंत्रापाशी. यवतमाळ जिल्ह्यात पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी आहे. दुसरा इतका विखुरलेला आहे की तो एका दुकानदाराला, किंवा एकट्या जिल्ह्यालाही, जुळवता येत नाही. तिथेच शेजाऱ्यांची गरज लागते.

काम आणि माणूस यांची गाठ का पडत नाही?

आयटीआयचं शिक्षण १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभं राहिलं. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. वेल्डर होणारा मुलगा तिथे करंट किती ठेवायचा, रॉड कोणत्या कोनात धरायचा, सपाट, उभा आणि डोक्यावरचा जोड कसा मारायचा हे शिकतो. हा पाया आहे आणि तो आवश्यकच आहे. पण तुमच्या दुकानात येते ती गंजलेल्या पत्र्याची, आधी दोनदा जोडलेली ट्रॉली, आणि शेतकऱ्याला ती संध्याकाळपर्यंत हवी असते. कुठे कापायचं, कुठे पट्टी टाकायची, जोड थंड होताना पत्रा कसा ओढला जाईल, हा अंदाज कोणत्याही परीक्षेत येत नाही. तो कुणाच्या तरी शेजारी उभं राहून, महिनोन्महिने हात चालवून येतो.

हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे तुमचं सहा माणसांचं दुकानही शिकाऊ उमेदवार घेऊ शकतं. ही गोष्ट आपल्याकडच्या किती दुकानदारांना कुणी बसून समजावून सांगितली असेल?

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र, २०११ च्या जनगणनेत पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास लोकसंख्या. मोठे उद्योग मात्र बोटांवर मोजण्याइतके. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना १९९६ मध्ये सुरू झाला आणि २००६ मध्ये बेल्जियमच्या युको कंपनीशी त्याची भागीदारी झाली. झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये चालू झाला. वणी भागात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आणि राजूरच्या चुनाभट्ट्या. बाकी जिल्हाभर पसरलेल्या जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, सूतगिरण्या, डाळमिल, आणि तुमच्यासारखी शेकडो वर्कशॉप.

ज्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात असे मोठे कारखाने इथे थोडे. त्यामुळे फिटर झालेला मुलगा उमेदवारीसाठी चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीला जातो. तिथे वर्षभर राहतो, खोली घेतो, ओळखी होतात, यंत्र हातात बसतं. उमेदवारी संपल्यावर तिथेच नोकरी धरणं त्याला सोपं जातं. जिथे हात शिकतो, तिथेच माणूस रमतो. तुमचा पुतण्या यवतमाळ सोडून गेला, त्यामागे गावाचा कंटाळा नसावा. त्याच्या शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग जिल्ह्यात उपलब्ध नव्हता, हे मोठं कारण आहे.

आणखी एक कारण आपल्या पिकात दडलेलं आहे. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. हंगामात जिन बंद पडलं तर कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. तेव्हा फिटर-इलेक्ट्रिशियनला सोन्याचा भाव असतो; उरलेले महिने त्याला बसवून पगार देणं मालकाला जड जातं. मालक म्हणतो माणूस मिळत नाही, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ असतो, हंगामापुरता, ठरलेल्या पैशांत माणूस मिळत नाही. मुलगा म्हणतो काम नाही, त्याचा अर्थ असतो, बारा महिने घर चालेल असं काम नाही. दोघंही खरं बोलतात. फक्त एकाच्या डोळ्यांसमोर हंगाम असतो आणि दुसऱ्याच्या अख्खं वर्ष.

शिकवलेला माणूस जाणारच, मग शिकवायचं कशाला?

हा तुमचा सगळ्यात धारदार प्रश्न आहे आणि तो जगभरच्या छोट्या मालकांचा आहे. एकाने खर्च करून शिकवायचं आणि दुसऱ्याने हजार-दोन हजार जास्त देऊन माणूस न्यायचा. असं दोनदा झालं की शिकवणारा हात आखडता घेतो. सगळ्यांनीच हात आखडला की त्या भागात शिकलेला माणूसच उरत नाही, आणि मग सगळे मिळून तक्रार करतात. यातून सुटायचा मार्ग एकच दिसतो : शिकवण्याचा खर्च एकाने न उचलता सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मग माणूस एका दुकानातून दुसऱ्यात गेला तरी तो भागातच राहतो आणि कुणाचाही खर्च वाया जात नाही.

जर्मनीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिथे मुलगा आठवड्याचा काही वेळ व्यवसायशाळेत आणि बाकीचा कंपनीत घालवतो, आणि त्याची परीक्षा उद्योग-व्यापाराची स्थानिक मंडळं घेतात. शाळा किंवा कंपनी परीक्षक नसल्यामुळे ते प्रमाणपत्र सगळीकडे चालतं. अमेरिकेत केंटकी राज्यात टोयोटाने २०१० मध्ये ‘फेम’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस कॉलेजात शिकतात आणि तीन दिवस कारखान्यात पगारावर काम करतात. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट ही की टोयोटाने तो आपल्या एकटीपुरता न ठेवता आसपासच्या इतर कारखान्यांना त्यात घेतलं. आपापल्या मालात स्पर्धा करणारे लोक माणूस घडवण्यापुरते एकत्र बसले.

फार लांब जायला नको. आपल्याच राज्यात इचलकरंजीने १९८२ मध्ये डीकेटीई ही वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीची संस्था उभी केली. यंत्रमागांच्या गावात, मागांच्या खडखडाटाला लागून कॉलेज. शिकणाऱ्याला कारखाना पाहायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागत नाही आणि कारखानदाराला माणूस शोधायला पुणे-मुंबई करावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरला भारत-जर्मनी सहकार्यातून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन टूल रूमनेही असंच काम केलं. छोट्या उद्योगांना न परवडणारी महागडी यंत्रं एका छताखाली ठेवायची, मुलांनी त्यावर शिकायचं आणि आसपासच्या कारखानदारांनी त्यावर आपली कामं करून घ्यायची.

आणि कायद्याचं म्हणाल, तर वाट मोकळी आहे. अनेक मालकांनी स्वतः किंवा एखाद्या संस्थेमार्फत एकत्र येऊन शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण द्यावं, अशी तरतूद शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यातच आहे. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी इथल्या दहा वर्कशॉपनी मिळून दहा मुलं घेतली, तर तोच मुलगा तुमच्याकडे ट्रॉली शिकेल, दिग्रसला मोटर गुंडाळायला शिकेल आणि जिनिंगच्या मोकळ्या महिन्यांत रोलर, बेअरिंग, पट्टे काढून यंत्राची पूर्ण दुरुस्ती शिकेल. हंगामी कामांचे तुकडे जोडून एक वर्ष तयार होतं. मुलाला बारा महिन्यांचं काम मिळतं, आणि जिनिंगवाल्याला हंगाम सुरू होण्याआधीच त्याचं यंत्र ओळखणारा माणूस मिळतो.

अमरावतीच्या पार्कचा यवतमाळला काय उपयोग?

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ भागात आधीपासून कापड कारखान्यांची वसाहत आहे. तिथेच केंद्राच्या पीएम मित्र योजनेतलं देशातल्या सात वस्त्रोद्योग पार्कांपैकी एक उभं राहत आहे. सुमारे एक हजार एकर जागा. पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते झाली. राज्याच्या २०२३ ते २८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आणखी मोठं लक्ष्य ठेवलं आहे. महाराष्ट्रात पिकणाऱ्या कापसापैकी राज्यातच प्रक्रिया होण्याचं प्रमाण तीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर न्यायचं.

या आकड्यांमागे आपल्या भागाचा इतिहास आहे. इंग्रजी अमलात मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वे टाकली गेली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. रुईच्या गाठी गेल्या, सूत दुसरीकडे निघालं, कापड तिसरीकडे विणलं गेलं आणि मजुरीही तिकडेच वाटली गेली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस पिकतो तिथेच कापड व्हावं हा विचार करून. तो विचार यवतमाळपर्यंत फारच थोडा पोचला. एक क्विंटल कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते. त्या रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचा शर्ट होताना प्रत्येक पायरीवर कुणाला तरी रोजगार मिळतो. आपण पहिल्या पायरीवर थांबलो.

ऐंशी टक्क्यांची गोष्ट खरी व्हायची असेल, तर पुढच्या पायऱ्यांसाठी माणसं लागणार : रिंग फ्रेमवरची, वॉर्पिंगची, मागावरची, डाईंगची, शिलाईची, आणि ही यंत्रं चालती ठेवणारे फिटर-इलेक्ट्रिशियन. यवतमाळहून अमरावती नव्वद किलोमीटरच्या आसपास. रोज जायला लांब, आठवड्याला घरी यायला जवळ. नेर आणि बाभुळगाव तर त्याहून अलीकडे.

इथे जिल्ह्यांनी काय एकत्र आणायचं, याची यादी हातात घेतली की लक्षात येतं, पुष्कळ काही आधीच आहे. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात वस्त्रोद्योग अभियांत्रिकीची शाखा आहे. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, म्हणजे सिरकॉटचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच नागपुरात जगभर जिनिंगची यंत्रं पाठवणारी बजाज स्टील इंडस्ट्रीज आहे. वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. अमरावतीला कारखाने आहेत आणि आपल्या तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत. जिन बनवणारा, जिन चालवायला शिकवणारा, जिनचा मालक आणि शिकणारा मुलगा हे चौघंही दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत राहतात. फक्त चौघांचं एकत्र वेळापत्रक नाही. ते तयार करणं म्हणजेच प्रादेशिक भागीदारी.

यात जिल्ह्याची हद्द फार मनावर घेऊ नये. वणीच्या मुलाला चंद्रपूर यवतमाळपेक्षा जवळ आहे. त्याचा स्वाभाविक मेळ चंद्रपूरच्या सिमेंट आणि कोळशाच्या पट्ट्याशी बसतो. उमरखेडचा माणूस नांदेडला जातो. कळंबपर्यंत वर्ध्याची रेल्वे २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ती पुढे यवतमाळ-नांदेडपर्यंत पोचेल तेव्हा कामावर जाण्या-येण्याचे रस्ते बदलतील. कामगार ज्या वाटेने जातो, ती वाट धरून भागीदारी आखावी.

योजनांची जमीन कशी आहे?

कागदावर बरंच आहे, आणि त्यातलं नीट वाचून घेतलं पाहिजे. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना उद्योगांशी जोडण्यात आलं. प्रत्येक ठिकाणी संस्था व्यवस्थापन समिती, तिचा अध्यक्ष उद्योगातला माणूस, आणि अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज. समितीत बसणारा उद्योजक किती वेळ देतो, त्यावर संस्था कुठवर जाते हे ठरतं. २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षण पद्धतही आहे, ज्यात अभ्यासक्रमाचा काही भाग थेट कारखान्यात होतो. आणि मे २०२५ मध्ये केंद्राने साठ हजार कोटींची आयटीआय सुधारणा योजना मंजूर केली, जी पुढे पीएम सेतू या नावाने सुरू झाली. एक हजार आयटीआय : दोनशे मध्यवर्ती आणि त्यांना जोडलेल्या आठशे. प्रत्येक समूहाच्या मागे उद्योग उभा असावा, ही तिची रचना. एका मोठ्या संस्थेत महागडं यंत्र आणि आसपासच्या छोट्या संस्थांतल्या मुलांनी तिथे येऊन शिकायचं, ही कल्पना यवतमाळसारख्या पसरलेल्या जिल्ह्यालाच सगळ्यात जास्त लागू पडते. झरी किंवा मारेगावच्या आयटीआयला कोट्यवधींचं यंत्र एकटीला मिळणार नाही. समूहात मिळू शकतं.

पण बारकावे पाहा. वस्त्रोद्योगाची ‘समर्थ’ ही केंद्राची प्रशिक्षण योजना शिलाई, हातमाग, ताग अशा अनेक कामांना लागू आहे. संघटित क्षेत्रातली सूतकताई आणि विणकाम मात्र तिच्यातून वगळलं आहे. म्हणजे शिलाईच्या कारखान्यासाठी ती उपयोगी, सूतगिरणीच्या रिंग फ्रेमसाठी नाही. सूतगिरणीला शिकाऊ उमेदवारीची वाट धरावी लागेल. अशी माहिती जिल्हा उद्योग केंद्राने आणि कौशल्य विकास कार्यालयाने एकाच फलकावर लावली, तरी पुष्कळांची पायपीट वाचेल.

करार खरा की कागदाचा, कसं ओळखायचं?

सामंजस्य करारावर सह्या झाल्या की फोटो येतो. त्या दिवशी तीन गोष्टी विचाराव्या. किती मुलं? कोणत्या यंत्रावर? किती पैशांवर? हे तीन आकडे करारात नसतील तर तो करार अजून झालेला नाही असं समजावं. आणि वर्षाने चौथी गोष्ट विचारावी : शिकलेल्यांपैकी किती जण त्याच भागात कामावर आहेत?

पैशांचा मुद्दा मी मुद्दाम घालतो आहे. मोबदला आणि राहणं यांच्यावर बोलणं टाळून कौशल्यावर कितीही बोललं, तरी माणूस थांबत नाही. चाकणला बारा हजार जास्त मिळोत की दोन हजार, मुलगा खोलीभाडं, खानावळ आणि घरी पाठवता येणारी रक्कम यांचा हिशेब करतो. इथे त्याला घरचं जेवण आणि आई-वडिलांची सोबत आहे. त्यावर थोडा रास्त पगार आणि पुढे वाढण्याची खात्री मिळाली, तर पारडं इकडे झुकू शकतं. मालकाने तो हिशेब मुलासमोर बसून करावा.

मुलींचाही विचार याच हिशेबात यायला हवा. शिलाई, गुणवत्ता तपासणी, यंत्रचालन ही कामं त्या करू शकतात. अडतं ते संध्याकाळच्या एसटीपाशी, वसतिगृहापाशी आणि रात्रपाळीतल्या सुरक्षेपाशी. केळापूर, झरी, मारेगाव भागातल्या कोलाम कुटुंबांतली मुलं पाड्यापासून आयटीआयपर्यंत रोज पोचू शकत नसतील, तर प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहतात आणि आपण म्हणतो मुलांना आवड नाही. पांढरकवड्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि आयटीआय यांनी वसतिगृह आणि प्रवेश एकत्र ठरवले, तर हा अडसर दूर होईल. बस आणि वसतिगृह हा भागीदारीचा भाग आहे. तो परोपकाराच्या खात्यात टाकू नये.

तुम्ही काय करू शकता?

शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर दुकानाची नोंद करा. सरकारच्या प्रोत्साहन योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, केंद्र उचलतं, आणि तो थेट मुलाच्या खात्यात जमा होतो. जवळच्या शासकीय आयटीआयत जाऊन वेल्डर आणि फिटरच्या निदेशकांना भेटा. त्यांच्या वर्गातली कोणती मुलं तालुक्यातच राहू इच्छितात, हे त्यांना नावानिशी माहीत असतं. आपल्याकडे पडणाऱ्या कामांची यादी त्यांना द्या. परीक्षेआधी महिनाभर चार मुलांना दुकानात येऊ द्या. आयटीआयच्या व्यवस्थापन समितीत छोट्या उद्योगांचा एक माणूस असावा, असा आग्रह तालुक्यातल्या उद्योजकांनी मिळून धरा. मोठा उद्योजक अध्यक्ष असला तरी ट्रॉली आणि रोटाव्हेटरची दुरुस्ती त्याच्या डोळ्यांसमोर नसते.

शिकवलेला मुलगा पुढे अमरावतीच्या पार्कात गेला, तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडून तो गेला तसा दुसऱ्या कुणाकडून शिकलेला तुमच्याकडे येईल, पण त्यासाठी शिकवणारे बरेच असावे लागतील. आज जिल्ह्यात कामगारांपेक्षाही टंचाई आहे ती शिकवायला तयार असलेल्या मालकांची. ती आपणच भरून काढू शकतो, आणि त्यासाठी कोणत्याही पार्कच्या उद्घाटनाची वाट पाहावी लागत नाही.